मातीची माणसे आणि दोरीची माणसे

राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळावर राखेचा क्रूस रेखतात आणि माणूस मातीचा आहे याची त्याला आठवण करून देतात. त्या रांगेत शेताचा मालक उभा असतो आणि त्याच शेतात निंदणाला जाणारी बाईही उभी असते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली ती राख एकाच वाटीतून दोघांच्या कपाळी लागते. घरी परतल्यावर मात्र आपण ती पुसतो आणि पुन्हा आपापल्या पायरीवर जाऊन बसतो. विधी आपल्याला जे सांगतो ते आपण दिवसभरसुद्धा टिकू देत नाही.

माणूस मातीचा आहे, हे सांगणारे उत्पत्तीचे पुस्तक एकटे नाही. पृथ्वीवरील अनेक जनसमूहांच्या सृष्टिकथांत देव किंवा देवी ओल्या मातीचा गोळा हाती घेऊन माणूस घडविताना दिसतात. या कथांकडे वाङ्मय म्हणून पाहताना त्या खऱ्या की खोट्या, एवढ्याच प्रश्नावर आपण सहसा थांबतो. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारावयाचा आहे. मातीतून घडलेल्या माणसाचे मोल ती कथा किती ठरविते? आणि सर्व माणसांचे मोल ती सारखेच ठरविते काय? या प्रश्नाच्या कसोटीवर चीनमधील प्राचीन सृष्टिकथा आणि आपल्या वऱ्हाडातील कोरकूंची सृष्टिकथा शेजारी शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

असे वाचन पातूरहून करावयास एक कारण आहे. अकोला जिल्ह्यातील हे गाव दक्षिणेकडील डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले आहे. गावाजवळच्या डोंगरात प्राचीन लेणी आहेत. ज्या काळ्या पाषाणात ती कोरली तो दख्खनचा बसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून थिजलेला. हाच पाषाण झिजून पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची माती झाली. खोरे ओलांडून उत्तरेस गेले की गाविलगडच्या रांगा आणि मेळघाट लागतो, आणि तेथे कोरकूंच्या वस्त्या आहेत. येथील माणसाला मातीची किंमत शिकवावी लागत नाही. म्हणूनच मातीच्या कथा येथे जरा जपून वाचल्या पाहिजेत.

प्रथम चिनी कथा पाहू. चीनमध्ये सृष्टीची एकच अधिकृत कथा नाही. निरनिराळ्या ग्रंथांतून विखुरलेल्या अनेक कथा आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध कथा पान्गूची. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील शू चंग या लेखकाने ती नोंदविली. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. सातव्या शतकातील एका ज्ञानकोशात उतरवून घेतलेल्या उताऱ्यामुळे ही कथा वाचली. आरंभी आकाश आणि पृथ्वी अंड्यातील बलकासारखी एकमेकांत मिसळलेली होती. त्यात पान्गू जन्मला. अठरा हजार वर्षांनी ते अंडे उघडले. जे हलके आणि निर्मळ होते ते वर जाऊन आकाश झाले, जे जड आणि गढूळ होते ते खाली बसून पृथ्वी झाली. पान्गू मध्ये उभा होता. आकाश रोज एक झांग, म्हणजे पुरुषभर उंचीहूनही अधिक, वर चढे. पृथ्वी तेवढीच खाली जाड होई. आणि पान्गूही तेवढाच वाढे. अशी आणखी अठरा हजार वर्षे लोटली, तेव्हा कोठे आकाश आणि धरती एकमेकांपासून नव्वद हजार ली अंतरावर स्थिरावली.

त्याच लेखकाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या एका ग्रंथात पान्गूचा मृत्यू येतो. त्याचा श्वास वारा आणि ढग झाला, आवाज मेघगर्जना झाला. डावा डोळा सूर्य, उजवा डोळा चंद्र. रक्ताच्या नद्या झाल्या, मांसाची शेतजमीन झाली, केसांचे तारे झाले, घामाचा पाऊस झाला. कल्पनेची ही भव्यता कोणालाही मोहवील. जग फुकट मिळालेले नाही, कोणी तरी त्याच्यासाठी झिजले आहे, ही जाणीव तीत आहे. पावसाला घाम म्हणणारी कथा कष्टकऱ्यांच्या ओळखीची वाटते.

परंतु या भव्य कथेत माणूस कोठे आहे? तो अगदी शेवटी येतो. पान्गूच्या अंगावरचे किडे वाऱ्याच्या स्पर्शाने माणसे झाले, असे ती सांगते. डोळ्यांचे सूर्यचंद्र होतात, मज्जेची मोती आणि रत्ने होतात, आणि माणसाच्या वाट्याला किड्यांचे मूळ येते. विश्वाच्या विस्तारापुढे माणूस किती क्षुद्र आहे, हे कथेला सांगावयाचे असेल. ती नम्रता समजण्यासारखी आहे. मात्र ज्याला आधीच किड्यासारखे वागविले जाते त्या माणसाच्या कानी ही कथा कशी पडेल, याचाही विचार समीक्षकाने केला पाहिजे.

मराठी वाचकाला येथे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्त आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही एका विराट पुरुषाच्या देहातून विश्व होते. मनापासून चंद्र होतो, डोळ्यापासून सूर्य होतो. पान्गूच्या कथेवर भारतीय कल्पनांचा प्रभाव असावा, असे काही अभ्यासकांनी सुचविले आहे. पण पुरुषसूक्तात माणसांची उतरंडही त्या देहातच रचलेली आहे: मुख, बाहू, मांड्या आणि पाय. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून वर्ण जन्मल्याच्या कथेची धोंडिबाशी झालेल्या संवादातून रोखठोक उलटतपासणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली शूद्रांच्या मुळाचा शोध घेताना आरंभीच पुरुषसूक्त तपासावयास घेतले. सृष्टिकथा ही केवळ मुलांना सांगावयाची गोष्ट नसते, समाजाने आपल्या व्यवस्थेवर मारलेला तो शिक्का असू शकतो, हे या दोघांनी मराठी मनाला शिकविले. त्यांची कसोटी परक्या कथांनाही लावता येते. आणि आपल्या कथांनाही लावावी लागते.

चीनमधील दुसरी कथा न्युवा या देवीची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, हान साम्राज्याच्या उतरत्या काळात, इंग शाव या अधिकारी विद्वानाने लोकांत सांगितली जाणारी ही कथा नोंदविली. आकाश आणि पृथ्वी वेगळी झाली होती, पण माणसे नव्हती. न्युवाने पिवळी माती मळून माणसे घडविण्यास आरंभ केला. ही पिवळी माती म्हणजे पीत नदीच्या खोऱ्याची ओळख. वऱ्हाडात हीच कथा जन्मती तर देवीच्या हाती काळी माती असती. एकेक माणूस हाताने घडविता घडविता न्युवा थकली. काम मोठे होते, तिचे बळ अपुरे पडू लागले. तेव्हा तिने एक दोरी चिखलातून ओढली आणि वर उचलली. तिच्यामुळे उरलेली माणसे झाली. कथा येथे संपली असती तर ती एका दमलेल्या आईची गोड कथा ठरली असती. पण तिच्या शेवटी एक निवाडा जोडलेला आहे. जे धनवान आणि प्रतिष्ठित आहेत ती हाताने घडविलेली पिवळ्या मातीची माणसे. जे गरीब आणि हीन आहेत ती दोरीची माणसे.

या शेवटाकडे बारकाईने पाहिले पाहिजे, कारण कथेचे सारे वजन तेथे आहे. कथेला समाजातील उच्चनीचतेचे कारण सांगावयाचे आहे. त्यासाठी तिला एक भेद हवा आहे. पण तो भेद शोधताना तिला दुसरी माती सापडत नाही, दुसरी देवी सापडत नाही, दुसरा दिवसही सापडत नाही. तीच जमीन, तीच न्युवा, तेच एक काम. भेद उरतो तो एवढाच की काही माणसांच्या वेळी देवी ताजीतवानी होती आणि काहींच्या वेळी थकलेली. म्हणजे ज्या साक्षीच्या आधारे कथा निवाडा देते ती साक्षच त्या निवाड्याच्या विरुद्ध जाते. दोरीच्या माणसाने न्युवासमोर उभे राहून विचारले असते, की माझ्या अंगात कोणती माती कमी आहे, तर तिला उत्तर देता आले नसते. चांगल्या लोककथेत असे पुष्कळदा घडते. सांगणाऱ्याचा हेतू एकीकडे ओढतो आणि कथेचा गाभा दुसरीकडे. समीक्षकाने अशा वेळी गाभ्याची बाजू घ्यावी.

आता पूर्णेपलीकडे, सातपुड्यात जाऊ. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, मराठी आणि हिंदीपासून अगदी वेगळी. ‘कोरकू’ या शब्दाचा अर्थ सरळ ‘माणसे’ असा आहे. त्यांच्या उत्पत्तीची कथा आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात १९१६ साली नोंदविली. ती अशी. रावणाने प्रवासात विंध्य आणि सातपुड्याचे डोंगर ओस पडलेले पाहिले आणि तेथे वस्ती करावी अशी महादेवाला विनवणी केली. महादेवाने कागेश्वर नावाच्या कावळ्याला तांबड्या मातीचे वारूळ शोधण्यास पाठविले. आजच्या बैतूल जिल्ह्यातील भंवरगडच्या डोंगरात ते सापडले. महादेवाने मूठभर तांबडी माती घेऊन पुरुष आणि स्त्री अशा दोन मूर्ती केल्या. तोच इंद्राने धाडलेले दोन अग्निमय घोडे जमिनीतून उसळले आणि त्यांनी मूर्ती तुडवून त्यांचा चुरा केला. महादेवाने पुन्हा मूर्ती केल्या, घोड्यांनी पुन्हा तुडविल्या. दोन दिवस असेच चालले. शेवटी महादेवाने मातीचा कुत्रा केला आणि त्यात प्राण फुंकला. कुत्र्याने घोड्यांना रोखून धरले. मग महादेवाने पुन्हा ती जोडी घडविली, तिला जीव दिला आणि मूला व मूलाई अशी त्यांची नावे ठेवली. कोरकू त्यांचे वंशज.

ही कथा आपल्यापर्यंत इंग्रजी नोंदीतून आली आहे, आणि तीत महादेव, इंद्र व रावण अशी शेजारच्या पुराणांतली नावे आहेत, हे ध्यानात ठेवावे. तरी नावे उसनी असली म्हणून अनुभव उसना ठरत नाही. या कथेतील देव थकून दोरी हाती घेत नाही. चुरा झालेली माती तो पुन्हा गोळा करतो आणि तीच दोन माणसे पुन्हा हाताने घडवितो. वरून आलेल्या बलवान देवाचे घोडे ज्यांना उभे राहण्याआधीच तुडवितात, अशा माणसांची ही कथा आहे. १९९० च्या दशकात मेळघाटातील कुपोषणाने दगावलेल्या बालकांची वार्ता साऱ्या महाराष्ट्रात पोहोचली. त्यानंतर ही कथा वाचताना ते घोडे केवळ पुराणातले राहत नाहीत. आणि श्वास प्रथम मिळतो तो कुत्र्याला, राखणदाराला. माणूस जगावा म्हणून आधी त्याच्या रक्षणाची तजवीज होते. घडविण्याइतकेच राखणेही निर्मितीचा भाग आहे, ही समज या छोट्या कथेत किती सहज आली आहे!

कथेला मर्यादाही आहे. ती कोरकूंपुरतीच बोलते. डोंगराखालची माणसे कोठून आली, हे ती सांगत नाही. पण तिच्यात कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. ज्यांनी स्वतःला नुसते ‘माणसे’ म्हटले त्यांच्या कथेत दोरी नाही.

या दोन्ही कथांच्या प्रकाशात आपण उत्पत्तीच्या पुस्तकाकडे वळलो तर आपल्या नित्याच्या वाचनातून सुटून गेलेल्या गोष्टी ठळक दिसू लागतात. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर मातीतून माणूस घडवितो आणि त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो. हिब्रू भाषेत माणसाचे नाव ‘आदाम’ आणि मातीचे नाव ‘अदामा’ असे एकाच कुळातले आहे. पहिल्या अध्यायात तर स्त्री आणि पुरुष दोघांनाही परमेश्वराच्या प्रतिरूपात निर्माण केल्याचे सांगितले आहे. इस्राएलच्या शेजारी बाबिलोनमध्ये सांगितली जाणारी कथा वेगळी होती. वध केलेल्या देवाचे रक्तमांस चिकणमातीत कालवून माणूस केला गेला, तो देवांवरचे कष्टाचे ओझे उचलण्यासाठी. तेथे देवाची प्रतिमा म्हणविण्याचा मान राजाला असे. बायबलने तो मान आदामाला, म्हणजे कोणत्याही माणसाला दिला. यहुदी आचार्यांनी पुढे मिश्नामध्ये यावर मार्मिक भाष्य केले. परमेश्वराने आरंभी एकच माणूस का घडविला? तर माझा बाप तुझ्या बापाहून थोर, असे कोणी कोणाला म्हणू नये म्हणून. न्युवाच्या दोरीला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण.

येथे आपल्या वाचनात दोन चुका होण्याचा संभव आहे. पहिली चूक उपहासाची. कोरकूंचा कावळा आणि चिन्यांचे अंडे पाहून आपण हसतो; आदामाची फासळी मात्र आपल्याला हास्यास्पद वाटत नाही. पोप बारावे पायस यांनी १९४३ सालच्या आपल्या विश्वपत्रात बायबलच्या अभ्यासकांना प्राचीन लेखनप्रकार ओळखून वाचण्याचा मार्ग मोकळा करून दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली तोच मार्ग अधिक प्रशस्त केला, आणि त्याच वर्षी इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही असे जाहीर केले. जो लेखनप्रकार आपण आपल्या ग्रंथात ओळखतो, तो शेजाऱ्याच्या कथेतही ओळखणे हे साधे न्यायाचे काम आहे.

दुसरी चूक अतिउत्साहाची. पान्गूने देह दिला म्हणजे तो ख्रिस्ताची छाया, त्याचे अंडे म्हणजे विज्ञानातील महास्फोट, असे म्हणून टाकण्याचा मोह होतो. विश्वाचा आरंभ एका आदिअणूतून झाला ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरूच होते. परंतु १९५१ साली पोप बाराव्या पायस यांच्या एका भाषणातून त्या सिद्धांताचा संबंध बायबलमधील निर्मितीशी जोडला गेला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले; आपले गणित श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरले जाऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. तोच संयम वाङ्मयातही हवा. पान्गू मरतो, कारण त्याचे आयुष्य सरते. त्याने कोणासाठी मरण पत्करल्याचे कथा सांगत नाही. प्रभू येशूने जाणूनबुजून, नावानिशी ओळखलेल्या माणसांसाठी देह दिला. हा भेद पुसून टाकला तर पान्गूवरही अन्याय होतो आणि ख्रिस्तावरही.

या दोन चुकांमधून वाट काढणे आपल्या परंपरेला नवे नाही. १५७८ साली माथेओ रिची हे तरुण येशूसंघी गोव्यात आले आणि १५८२ साली चीनकडे रवाना झाले. १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स गोव्यास पोहोचले आणि तेथेच राहिले. रिचींनी १६०३ साली चिनी भाषेत ग्रंथ प्रसिद्ध करून त्यात परमेश्वराला ‘स्वर्गाचा स्वामी’ या चिनी नावाने संबोधिले, तर स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून जगाच्या निर्मितीची बायबलमधील कथा मराठी कानांना परिचित केली. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती वाचकांना त्यांच्याच भाषेतले पुराण त्यांनी दिले. दोघांनीही परक्या भाषेला आधी विद्यार्थी होऊन वंदन केले. आज आपल्यापुढे त्याच्या उलट दिशेचे काम आहे. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला, आणि मेळघाट त्याच्याच परिसरात आहे. तेथील मुलाला आपण आदामाची कथा शिकवितो. मूला आणि मूलाईची कथा त्याच्या आजीकडून आपण कधी ऐकून घेतली काय? आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गातून बाहेर पडताना त्याला आजीची लाज वाटू लागली, तर आपण त्याला बायबल नीट शिकविले नाही.

आणि अखेरीस प्रश्न आपल्या घरापर्यंत येतो. उत्पत्तीच्या पुस्तकात दोरी नाही, हे खरे. पण वाचणाऱ्यांनी ती बाहेरून आणून आत घातली आहे. नोहाने कनानाला दिलेल्या शापाचा आधार घेऊन ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी आफ्रिकेतील माणसांची गुलामगिरी समर्थनीय ठरविली. भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे आपले धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेच्या आतही जातिभेद आणि अस्पृश्यता पाळली जाते हे स्पष्टपणे मान्य केले. मुलीचे स्थळ पाहताना बाप्तिस्म्याच्या दाखल्याच्या पलीकडे जाऊन ‘मूळचे कोण’ असे हळूच विचारले जाते, तेव्हा आपण उत्पत्तीचे पुस्तक मिटून न्युवाच्या कथेचा शेवट वाचत असतो. तो शेवट लिहिणारा इंग शाव अठराशे वर्षांपूर्वीचा होता, आणि त्याने निदान लोक जे सांगतात ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. आपण मात्र तोंडाने एक कथा सांगतो आणि व्यवहारात दुसरी जगतो.

म्हणून परक्यांच्या सृष्टिकथा ख्रिस्ती कुटुंबांनी अवश्य वाचाव्यात. पान्गूच्या कथेतून जगाची किंमत कळते. न्युवाच्या कथेतून उच्चनीचतेचा आधार किती तकलादू आहे ते कळते. मूला आणि मूलाईच्या कथेतून तुडविलेली माती पुन्हा हाती घेणारा देव दिसतो, आणि राखण करणाऱ्याची थोरवी कळते. त्या वाचून आपण उत्पत्तीच्या पुस्तकाकडे परतलो की ते आपल्याला अधिक कठोरपणे प्रश्न विचारू लागते. पुढच्या राखेच्या बुधवारी धर्मगुरूंचे बोट कपाळाला लागेल तेव्हा आपल्या पुढे कोण उभे आहे आणि मागे कोण, हे एकदा पाहून घ्यावे. त्या वाटीत दोन प्रकारची राख नसते.